मागच्या ओढ्यावर रिव्हर बर्च लावले त्याची गोष्ट

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने घर घेतलं, तिच्याही मागे ओढा आहे, आणि तिने मला विचारलं की ती साल सोललेली झाडं तू कुठून आणलीस, मला पण लावायचीयत. मी व्हॉट्सॲपवर उत्तर द्यायला बसले आणि ते उत्तर काही संपेचना. एक झाड विकत आणलं, वीस फांद्या वाया घालवल्या, बिया पेरल्या, अर्धं सगळं पुराने नेलं, आणि शेवटी जी झाडं सगळ्यात मस्त आलीयत त्यातली बरीचशी मी लावलेलीच नाहीयेत. हे दोन ओळीत कसं सांगणार? म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सी राज्याच्या मधल्या भागात राहतो. २०१८ च्या ऑक्टोबरात घर घेतलं. मागे लॉन, आणि लॉन संपतं तिथे खाली ओढा, दहा-बारा फूट रुंद, उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी. घर दाखवणारी बाई "वॉटर व्ह्यू" म्हणत होती. मी व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवला तर ते म्हणाले, "अगं हा तर पऱ्या आहे. पावसात कुठपर्यंत चढतो ते विचारलंस का?" माझं माहेर चिपळूणचं, तिथे असल्या ओढ्याला पऱ्याच म्हणतात, आणि तिथे घर बघायला गेलं की पहिला प्रश्न हाच असतो. मी विचारलं नव्हतं. किचनचा ओटा बघत होते.

आधीचे मालक गवत अगदी काठापर्यंत कापायचे. दिसायला एकदम छान, गालिचा, पण लॉनच्या गवताची मुळं जेमतेम बोटभर खोल जातात आणि त्याखाली उघडी माती. इथली माती लाल आहे, फोटोत बघून आई म्हणाली कोकणासारखीच की, पण ही जांभ्याची नाही, शेल नावाच्या दगडाची, ओली झाली की चपलेला चिकटून चप्पल काढून घेते आणि वाळली की वीट. दर हिवाळ्यात ती गोठते, फुगते, आणि मार्चमध्ये बर्फ वितळला की काठाची एक लादीच्या लादी वरच्या गवतासकट ओढ्यात बसते. २०१९ च्या मार्चमध्ये कुंपणाच्या कोपऱ्यातला खांब खालच्या काँक्रीटच्या गोळ्यासकट हवेत लोंबकळत होता आणि माझी लेक त्याला झोका म्हणत होती.

एका कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं, त्याने दगडाची भिंत घालायचा जो आकडा सांगितला त्यात गाडी आली असती. शिवाय ओढ्याला मशीन लावायचं, दगड टाकायचे म्हणजे परवानग्यांची वेगळी भानगड. मग दोन घरं वरच्या बाजूला राहणारे शेजारी आजोबा म्हणाले (रिटायर्ड आहेत, ओढ्याबद्दल त्यांना विचारलं की अर्धा तास गेलाच), भिंत कशाला, हे बघ. आणि त्यांच्या काठावरचं झाड दाखवलं. दोन खोडं, पाण्यावर झुकलेली, आणि साल अशी की कुणीतरी जुन्या वहीची पानं ओली करून चिकटवली आणि ती वाळून सुटायला लागलीयत. वरून करडी, आतून फिकट गुलाबी, काही ठिकाणी दालचिनीचा रंग. त्या झाडाखालचा काठ मात्र जिथल्या तिथे होता, मुळ्या अशा जाळीसारख्या बाहेर दिसत होत्या आणि माती त्यात धरलेली.

हा रिव्हर बर्च, शास्त्रीय नाव बेट्युला नायग्रा. न्यू हॅम्पशरपासून खाली उत्तर फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला मिनेसोटा, टेक्सासच्या पूर्व भागापर्यंत नदीनाल्यांच्या काठाने हा आपला आपण येतो, पूर्ण वाढला की ४०-७० फूट. आमच्या घरात आधी यावरून वाद झाला, कारण नवऱ्याला पाहिजे होती ती पांढरीशुभ्र बर्च, स्वित्झर्लंडच्या गाण्यात मागे दिसतात तसली. ती थंडीतली झाडं आहेत, जर्सीच्या जुलैत ती थकतात आणि थकली की ब्राँझ बर्च बोरर नावाचा खोडकिडा वरून खाली पोखरत येतो. आमच्याच गल्लीत एकांची तीन झाडं शेंड्याकडून वाळत गेली होती ती त्याला नेऊन दाखवली. रिव्हर बर्च बर्चमधला उकाडा सोसणारा, हा किडा त्याला सहसा काही करत नाही. वाद संपला. म्हणजे मी संपवला.

तर पहिलं झाड. २०१९ च्या एप्रिलमध्ये नर्सरीतून तीन खोडांचा झुपका आणला, आठ-नऊ फुटी, भारी किमतीचा. आणि इतकं महागाचं झाड ओढ्याला कोण देणार म्हणून लावलं वर, पॅटिओजवळ, खिडकीतून दिसेल असं. खणण्याआधी ८११ ला (इथे खणण्याआधी फोन करायचा नंबर) फोन करून गॅसच्या वायरच्या लाईनी मार्क करून घेतल्या, तेवढं एक शहाणपण केलं. पाणी रोज घालत होते. जूनमध्ये पानं पिवळी. म्हणजे पूर्ण पिवळी नाही, शिरा हिरव्यागार आणि मधली जागा लिंबासारखी, प्रत्येक पान असं की नकाशा काढलाय. मला वाटलं पाणी कमी, अजून पाणी घातलं. आजोबा आले, एक पान तोडून उन्हात धरलं आणि विचारलं लॉनवाला चुना टाकतो का? टाकायचा की! आधीच्या मालकांपासूनच दर वर्षी, पॅकेजमध्येच होतं. रटगर्स विद्यापीठाच्या लॅबला माती पाठवली, पीएच आला ७.२ (हा आकडा जितका कमी तितकी माती आंबट). या झाडाला पाहिजे आंबट माती, साडेसहाच्या वर गेलं की जमिनीत लोह असूनही त्याला ते उचलता येत नाही. म्हणजे मी भरल्या ताटासमोर त्याचे हात बांधून ठेवले होते. चुना बंद केला, लॅबच्या कागदावर लिहिलं होतं तेवढं गंधक घातलं, बुंध्याभोवती (बुंध्याला न टेकवता, ते डोंगर करून ठेवतात तसं नाही) पाईनच्या सालींचं आच्छादन. हिरवं व्हायला तीन वर्षं लागली. आजही ते झाड ओढ्यावरच्या झाडांच्या मानाने जरा रुसल्यासारखंच दिसतं. ओढ्याजवळची माती नंतर तपासली तर ती ५.८ होती, ४० फुटांवर!

दुसरा प्रकार बाबांच्या सल्ल्याने. ते म्हणाले विकत कशाला आणतेस, फांदी तोड आणि ओल्या काठात खोच. आमच्याकडे वाळुंज तसाच लावतात, पांगारा, शेवगा पण. २०२० चा मार्च, लॉकडाऊन नुकतं लागलेलं, घरात बसून डोकं फिरायची वेळ, मी आजोबांच्या परवानगीने त्यांच्या झाडाच्या वीस फांद्या कापल्या. कापल्याबरोबर पाणी टपटपायला लागलं, नळ नीट बंद नसल्यासारखं, दोन दिवस टपकत होतं. मार्चमध्ये रस वर चढत असतो त्यामुळे तेव्हा बर्चला कात्री लावायची नाही हे मला नंतर कळलं, आजोबा बिचारे काही बोलले नाहीत. झाड दगावत वगैरे नाही, पण बघून आपल्यालाच कसंतरी होतं. फांद्या खोचल्या. आणि एप्रिलच्या शेवटी त्यांना चक्क पानं फुटली! मी सगळ्या ग्रुपवर फोटो टाकले. मेच्या मध्यापर्यंत सगळ्या वाळल्या. उपटून बघितलं तर खाली मुळीचा पत्ता नाही, फांदीत साठलेल्या रसावर पानं काढली होती आणि रस संपला. बर्चची नुसती फांदी खोचून सहसा लागत नाही. ज्या लागतात त्या विलोच्या आणि सिल्की डॉगवूडच्या, पानं फुटायच्या आधी दोन-अडीच फुटी काठी कापायची, दोन तृतीयांश आत ठोकायची. पुढच्या वर्षी त्या ठोकल्या आणि काठाच्या अगदी खालच्या भागात आज त्यांचंच रान आहे. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "विलो म्हणजे आपला वाळुंजच की गं. मग माझं काय चुकलं?" चुकलं काहीच नव्हतं, झाड वेगळं होतं.

आता बियांचं सांगते कारण खरी गंमत तिथेच आहे. बाकीच्या बहुतेक बर्चचं बी पिकतं शरदात. रिव्हर बर्चचं पिकतं मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला. लोंब्या असतात दीड इंचाच्या, ताठ उभ्या, हिरव्याच्या खाकी झाल्या की दोन बोटांत चुरगाळायच्या, भुसा पडतो. त्या भुशात दोन गोष्टी असतात, एक म्हणजे तीन पाकळ्यांचे बारीक खवले, ते बी नाही, मी आधी तेच निवडून ठेवत होते, आणि दुसरं खरं बी, चपटं, दोन्ही बाजूला पारदर्शक पंख, फुंकर मारली की गेलं. त्या जूनमध्ये मी पोळ्यांच्या डब्याच्या झाकणात ते गोळा केलं आणि तीन वाटे केले. एक वाटा ट्रेमध्ये कुंडीची माती घालून पेरला, वर बोटभर माती, आपण मेथी पेरतो तसं. दुसरा वाटा लेकीने केला, तिने ओढ्यातला गाळ आणि वाळू एका जुन्या केक टिनमध्ये भरली, पाणी ओतून चिखल केला आणि बिया वरून नुसत्या भुरभुरल्या, झाकल्याच नाहीत, कारण ती म्हणाली की ओढा कुठे झाकतो. तिसरा वाटा पाकिटात घालून फ्रिजमध्ये, पुढच्या वसंतासाठी.

माझ्या ट्रेमध्ये शून्य. लेकीच्या केक टिनमध्ये दहाव्या-अकराव्या दिवशी हिरवी पावडर शिंपडल्यासारखं दिसायला लागलं, भिंगातून बघितलं तर दोन-दोन पानांची रोपं. मोजली तेव्हा साठच्या वर होती. फ्रिजमधल्या पुढच्या वर्षी पेरल्या, त्यातून चार उगवली. हे बी साठवणीचं नाहीच, पडलं की ओल्या उघड्या गाळावर लगेच उगवायचं, एवढंच त्याला येतं, आणि उजेड पाहिजे. लेक तेव्हा सात वर्षांची होती, अजून ऐकवते मला.

रोपं वाढतात भराभर. ऑक्टोबरपर्यंत वीतभर झाली, हिवाळ्यात टिन गॅरेजच्या भिंतीला पाचोळ्यात पुरून ठेवला, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये अठरा धट्टीकट्टी निवडून काठावर लावली. शिवाय राज्याच्या फॉरेस्ट नर्सरीतून दहा बेअररूट रोपं आणली, म्हणजे मातीशिवाय नुसत्या मुळ्यांची जुडी येते, ओल्या कागदात. ती बादलीत पाण्यात ठेवूनच काठावर न्यायची आणि एकेक काढून लावायची, पाच मिनिटं उन्हावाऱ्यात मुळ्या उघड्या राहिल्या की गेलं. टाउनशिपला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन करून विचारून घेतलं होतं, फावड्याने देशी झाडं लावायला त्यांची काही हरकत नव्हती. हरणांसाठी प्रत्येकाला पाच फुटी प्लॅस्टिकची नळी, बाजूला ओकची काठी, आणि नळीच्या तोंडावर जाळी, नाहीतर ब्लूबर्डसारखे पक्षी आत उतरतात आणि त्यांना वर येता येत नाही. खड्डे खणताना कळलं की तो काठ म्हणजे एक जिना आहे. खाली पाण्यालगतची पायरी, मग हात-दीड हात वर एक सपाट पायरी जिथे वर्षातून दोन-चारदा पाणी येतं, आणि मग वर लॉन. मला वाटलं हा पाण्यातला बर्च, जितका पाण्याजवळ तितका खूष. बारा लावले अगदी खालच्या पायरीवर, सोळा मधल्या.

जुलैच्या २२ तारखेला पहाटे चिपळूणहून फोन. वाशिष्ठी चढली होती. तो पूर सगळ्यांनी टीव्हीवर बघितला असेल, आमच्या घरात तळमजल्यावर छातीपर्यंत पाणी, आईबाबा वर माळ्यावर, दीड दिवस फोन बंद. त्या दीड दिवसाबद्दल मी इथे लिहिणार नाही. पाणी ओसरल्यावर बाबांनी पहिला फोटो पाठवला तो घराचा नाही, परसातल्या गाळाचा. कमरेएवढा गाळ, आणि खाली लिहिलेलं, "सोनं आहे पण काढायचं कुणी."

आणि मग सहा आठवड्यांनी, १ सप्टेंबरला, आमच्याकडे आयडा चक्रीवादळ. वादळ लुइझियानाला धडकलं होतं, इथे येईपर्यंत त्याचा नुसता पाऊस राहिला होता असं वाटत होतं, तर त्या पावसाने नेवार्कला एका दिवसात आठ इंचांच्या वर टाकलं. रात्री नऊला सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले. टॉर्च मारून मागे बघितलं तर लॉनच्या जागी पाणी, तपकिरी, आणि त्यावरून कुणाचं तरी ट्रॅम्पोलिन चाललेलं. पॅटिओच्या पायरीला येऊन थांबलं. मी पहाटे चिपळूणला फोन लावला, तिकडे दुपार, आणि बाबांनी तोच प्रश्न विचारला, कुठपर्यंत चढलं.

सकाळी खाली गेलो तर खालच्या पायरीवरचे बाराच्या बारा गायब. नळ्या, काठ्या, रोपं, काहीच नाही, पायरीच नव्हती. नळी म्हणजे पुरात शिडासारखी, पाणी तिला धरून ओढतं, तिच्याबरोबर काठी आणि काठीबरोबर रोप. मधल्या पायरीवरच्या सोळापैकी चार गेले, बारा आडवे, नळ्यांत गवत, पिशव्या, एकात जिवंत खेकडा. मला रडू येत होतं, चिपळूणचंही त्यातच होतं म्हणा. बाबा म्हणाले, "मुळं मातीत आहेत ना? मग उभी कर, पायाने दाब, गाळ काढत बसू नको, बुंधा तेवढा मोकळा कर." तसं केलं. बारातले नऊ पुढच्या एप्रिलमध्ये फुटले. हे झाड काही दिवस पाण्यात उभं राहिलं तरी मरत नाही, त्याला मारतो तो पाण्याचा जोर, तोही मुळं धरायच्या आधी. म्हणून मैत्रिणीला माझं पहिलं सांगणं हेच की अगदी पाण्यालगत विलो आणि डॉगवूडच्या काठ्या ठोक, त्या वाकतात, मोडत नाहीत, आणि बर्च त्याच्या मागे एक पायरी वर.

पण खरं सांगायचंय ते पुढे. आयडाने जाताना ओढ्याच्या आतल्या वळणावर, आमच्याच बाजूला, गाळ आणि वाळूचा एक लांबट पट्टा टाकला होता, आमच्या हॉलएवढा असेल. उघडा, गुळगुळीत, त्यावर काही नाही. २०२२ च्या जूनच्या शेवटी मी तिथे स्टिल्टग्रास उपटायला गेले, हे एक जपानी गवत आहे, जंगलभर पसरलंय इथे, आणि उपटता उपटता एक बारकं रोप हातात आलं. फेकणार तेवढ्यात पान दिसलं. कडेला करवतीसारखे दात आणि त्या दातांनाही बारीक दात, देठावर लव. केक टिनमुळे हे पान मी झोपेतही ओळखलं असतं. मग गुडघे टेकून बघितलं तर तिथे शेकडो होते. आजोबांच्या झाडावरून जूनमध्ये उडालेलं, पाण्यावर तरंगत आलेलं बी, वसंतातलं पाणी ओसरून गाळ उघडा पडलाय नेमका तेव्हा येऊन टेकलेलं. मी सहा वर्षांच्या, बरं तीन वर्षांच्या मेहनतीत, ट्रे, फ्रिज, नळ्या, काठ्या, आणि हे इथे आपोआप, दाट, कोथिंबिरीच्या वाफ्यासारखे. लॉन काठापर्यंत होतं तेव्हाही बी तर दर वर्षी पडतच असणार, पण गवतात त्याला बूड टेकायला जागाच नव्हती.

मग मी काम बदललं. लावायचं बंद केलं आणि जागा मोकळी ठेवायला लागले. शिवणाच्या कात्रीने स्टिल्टग्रास कापायचं, उपटायचं नाही कारण उपटलं की बर्चची रोपंही हलतात, मल्टिफ्लोरा रोझचे काटेरी जाळे काढायचे, रोपांवर सावली येऊ द्यायची नाही कारण यांना ऊन पाहिजेच. दर वेळी वर आल्यावर पायातले मोजे काढून गोचिडी बघायच्या, गोचिडी चावून होणाऱ्या लाईम नावाच्या आजाराची भीती इथे खरीच आहे, एकदा मला कानामागे सापडली होती. त्याच ऑगस्टमध्ये पाऊस दडी मारून बसला, राज्याने दुष्काळाची पहिली सूचना काढली, आणि निम्म्याहून जास्त रोपं वाळली. मी बादलीने पाणी घालत होते, ओढ्यातलंच, नवरा म्हणाला ओढ्याकाठच्या झाडांना पाणी घालणारी तू जगातली एकटी असशील. पण रोप बोटभर असतं तेव्हा त्याची मुळं ओलीपर्यंत पोचलेली नसतात, ओल वीतभर खाली असते आणि वीतभर म्हणजे त्याच्यासाठी विहीरच.

२०२३ सालचं फार काही नाही, एक सोडून. ऑक्टोबरात नर हरणं शिंगं घासतात, आणि त्यांना मनगटाएवढं गुळगुळीत खोड आवडतं. मी आधी लावलेल्यातले दोन त्यांनी एका रात्रीत सोलून काढले, साल चिंध्यांसारखी लोंबत होती. एक गेलं. दुसरं बुंध्यातून पुन्हा फुटलं आणि आता तीन खोडांचा झुपका आहे, नर्सरीत ज्याचे मी एवढे पैसे मोजले होते अगदी तसाच, फुकट. तेव्हापासून नळ्या काढून जाडजूड तारेचे पिंजरे लावलेत, पूर आला तर त्यातून पाणी आरपार जातं. मावाही येतो दर मेमध्ये, कोवळी पानं सुरकुततात, त्यांच्या मागे मुंग्यांच्या रांगा, काही करायचं नाही, महिन्याभरात पक्षी आणि लेडीबग बघून घेतात.

२०२४ चा ऑक्टोबर इथल्या नोंदींमधला सगळ्यात कोरडा महिना ठरला, थेंब पडला नाही म्हटलं तरी चालेल. ओढा म्हणजे डबक्यांची माळ झाली होती. बर्चनी सप्टेंबरातच आतली आतली पानं पिवळी करून टाकायला सुरुवात केली होती, मी घाबरले, पण ही त्याची सवयच आहे, पाणी कमी पडलं की आधी सावलीतली पानं सोडून देतो आणि शेंड्याची सांभाळतो. एप्रिलमध्ये सगळे फुटले. पुराने आडवे केलेले आता बारा-चौदा फूट झालेत, आणि गाळावरचे आपले आपण आलेले, ज्यातले साधारण तीस ठेवले बाकी दाटीत एकमेकांनीच मारले, ते माझ्या डोक्याच्या वर गेलेत. कुंपणाचा तो खांब गेली तीन वर्षं एक इंच हललेला नाही.

सालीचं राहिलंच. मोठ्या झाडांची साल गेल्या वर्षीपासून सुटायला लागलीय. आईला वाटत होतं हेच भूर्जपत्र, आण म्हणे थोडं, पूजेला ठेवू. ते हिमालयातलं वेगळं, त्याचे लांबरुंद ताव निघतात, गणिताचं जुनं बख्शाली हस्तलिखित त्यावरच लिहिलेलं, ते १८८१ मध्ये पेशावरजवळ सापडलं आणि आता ऑक्सफर्डला आहे. आमच्या बर्चची साल म्हणजे पेन्सिलला टोक काढल्यावर निघतात तशा कुरळ्या. लेकीने खाली पडलेली एक कुरळी पाण्यात भिजवली, वहीत दाबून सपाट केली आणि बॉलपेनने त्यावर "श्री" लिहिलं. उमटलं छान, शाई थोडी पसरली. ती पट्टी आईने चिपळूणच्या देवघरात ठेवायला मागितलीय.

या मेमध्ये आईबाबा पहिल्यांदाच आले. बाबा जेटलॅगमध्ये पहाटे चारला उठून बसायचे आणि उजाडलं की थेट ओढ्यावर, मोज्यांवर चपला घालून. पुराच्या खुणा त्यांना न सांगता सापडल्या, झाडाच्या बुंध्यावर अडकलेलं वाळकं गवत बघून म्हणाले, "इथवर आलं होतं ना गेल्या हिवाळ्यात?" तिथवरच आलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाण्यावर भुसा तरंगायला लागला, बाबांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि बी हातावर चिकटलेलं बराच वेळ बघत बसले. या वसंतात ओढ्याने लॉनच्या कडेला नवा गाळ टाकलाय, चार-पाच हात लांब, तिथे पंधरा दिवसांनी हिरवं दिसायला लागलं. बाबांनी मागच्या वर्षीच्या डॉगवूडच्या काठ्या कापून त्या पट्ट्याभोवती खोचल्या, त्यांना लाल लोकर बांधली, आणि मग वर येऊन जावयाला बोलावून नेऊन दाखवलं, की गवत कापायचं मशीन या काठ्यांच्या पलीकडे आणायचं नाही.